मिनिटताई आणि नऊ नंबरची छत्तीस मिनिटं

डेपोतल्या ड्रायव्हरांनी तिचं नाव मिनिटताई ठेवलं, ते काही कौतुकानं नाही. मिनिटामिनिटावरून हुज्जत घालणारी बाई, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पुढे नाव तेच राहिलं आणि अर्थ बदलला. शेवटी शेवटी तर पगारपत्रकावरचं तिचं खरं नाव वाचून नवीन कारकून विचारायचे, "ही कोण बाई?"

नोकरीला लागली तेव्हा ती कंडक्टर होती. सात वर्षं तिनं चालत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली. एका हातानं दांडी धरायची, दुसऱ्या हातानं तिकीट द्यायचं आणि तोंडानं "पुढे सरका, पुढे सरका" चालूच. एकतिसाव्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, बसून करायचं काम द्यावं. डेपोत बसून करायची कामं दोनच होती. एक हरवलेल्या छत्र्या सांभाळायचं, दुसरं वेळापत्रकाचं. छत्र्यांच्या खोलीत आधीच एक गृहस्थ ठाण मांडून होते. म्हणून ती वेळापत्रकाच्या खोलीत आली.

खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. आवारात उघडणाऱ्या एकुलत्या एका खिडकीतून दिवसभर डिझेलचा वास यायचा. लांबलचक टेबल, पत्र्याचं कपाट आणि भिंतीवर चौकटीच्या कागदाचे मोठे तक्ते. त्या तक्त्यांवर तिरप्या रेघांचं जाळं. तिथल्या जुन्या कारकुनांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत.

"हे काय विणकाम आहे?" तिनं विचारलं.

"ह्या आपल्या बस," अप्पा म्हणाले. "आडवी वेळ, उभं अंतर. एक रेघ म्हणजे एक फेरी. रेघ उभी चढली की गाडी पळतेय असं समज. लोळायला लागली की रखडलीय. अगदी सपाट झाली तर ड्रायव्हर चहा पितोय."

तिनं नऊ नंबरचा तक्ता शोधला, कारण सात वर्षांतली पाच तिनं नऊ नंबरवरच काढली होती. स्टेशन ते पाणीपुरवठ्याचं केंद्र, बारा किलोमीटर, छत्तीस मिनिटं. सकाळची पहिली फेरी छत्तीस, भर गर्दीतली छत्तीस, संध्याकाळचीही छत्तीस. सगळ्या रेघा एकसारख्या ताठ, शाळेत रांगेत उभ्या केलेल्या मुलांसारख्या.

"अप्पा, ही छत्तीस आली कुठून? मला तर कधी छत्तीसमध्ये पोचल्याचं आठवत नाही."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. वीस वर्षांपूर्वी एक मोठे साहेब होते, ते एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आपल्या जीपमधून त्या रस्त्यानं गेले. तीस मिनिटं लागली. स्टॉपवर थांबायला म्हणून वर सहा टाकली. झाली छत्तीस.

"आणि त्यानंतर कुणी मोजलंच नाही?"

"कशाला मोजायचं? लिहिलेलं आहे की."

दुसऱ्या दिवशी तिनं शंभर पानी वही घेतली, दुपारी नऊ नंबरमध्ये बसली आणि एकोणीसच्या एकोणीस स्टॉपवर गाडी कधी आली, कधी सुटली ते लिहिलं. अडतीस मिनिटं भरली. अप्पा म्हणाले, दोन मिनिटांचं काय एवढं. तिलाही तेच वाटलं. तरी पुढच्या आठवड्यात ती परत गेली. मग पंधरा दिवसांतून एकदा जायचं असं ठरूनच गेलं. अप्पा निवृत्त झाले, खोली तिची एकटीची झाली, आणि कपाटाच्या खालच्या फळीवर वह्या साठत गेल्या.

घरी तिचा नवरा पुढच्या खोलीत कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माप पाठवत, तो त्या मापाचे दात बसवून देई. एका केसाचा फरक पडला तरी म्हातारी माणसं आठ दिवस जेवत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे बायकोच्या मिनिटांची त्यानं कधी टर उडवली नाही. एकदाच म्हणाला, "माझे दात घासून कमी करता येतात. तुझी मिनिटं तर वाढतच चाललीत."

वाढत होतीच. आणि ती का वाढतात ते तिला बसच्या खिडकीतून दिसत होतं. पाणीपुरवठ्याच्या केंद्राअलीकडे पूर्वी वीटभट्ट्या होत्या आणि नुसतं गवत. एका वर्षी तिथे दोन इमारती उभ्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी सात. मग शाळा आली, दवाखाना आला, दवाखान्यापुढे औषधांची दुकानं आली. एकोणीस स्टॉपचे चोवीस झाले, चोवीसचे एकतीस. माणसं तिप्पट झाली, स्कूटरी दसपट झाल्या आणि रस्ता मात्र होता तेवढाच, दोन्ही बाजूंच्या दुकानांनी पायऱ्या पुढे काढल्यामुळे उलट वीतभर कमीच. तिच्या वह्यांत अडतीसचे एकेचाळीस, एकेचाळीसचे सत्तेचाळीस झाले. स्वतःच्या समाधानासाठी तिनं नऊ नंबरचा एक वेगळा तक्ता काढला, खऱ्या वेळांचा. दर वर्षी नवी रेघ. चौदा वर्षांच्या चौदा रेघा शेजारी शेजारी लावल्या तर कुणी ताठ माणूस हळूहळू वाकत जावा तशा दिसत होत्या.

भिंतीवरचा सरकारी तक्ता छत्तीसच दाखवत होता. तिनं चार वेळा वर अर्ज केला. चारही अर्ज "पाहिले" असा शेरा घेऊन परत आले.

दरम्यान ड्रायव्हर काय करत होते? छत्तीसमध्ये पोचता आलं नाही की उशिराचा शेरा, तीन शेरे झाले की मेमो. मग ते आपल्या परीनं मिनिटं चोरत. एखादा स्टॉप गाळायचा, म्हातारं माणूस लांबून हात करताना दिसलं तरी न दिसल्यासारखं करायचं, उतरणाऱ्याचा दुसरा पाय टेकायच्या आधी क्लच सोडायचा. शेवटच्या स्टॉपवर लघवीला जायलाही वेळ नसायचा, म्हणून कित्येक जण ड्यूटीवर पाणीच पीत नसत. चाळिशीतल्या तीन ड्रायव्हरांना मुतखडे झालेले तिला माहीत होते.

तिच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो अपघात झाला. नऊ नंबरच्या बसमधून एक शाळामास्तरीण उतरत होत्या. गाडी हलली, त्या पडल्या, पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गाडीवर होता तो ड्रायव्हर दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप, म्हणून डेपोत त्याला मौनी म्हणत. बावीस वर्षांत त्याच्या गाडीनं साधं कोंबडंही उडवलं नव्हतं. त्याला त्याच दिवशी घरी बसवलं आणि आठवड्यानं चौकशी लावली.

चौकशी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. मिनिटताईला बोलावलं होतं ते फक्त वेळापत्रकाची प्रत आणून ठेवायला. तिनं प्रत ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"एवढी कसली घाई होती?" साहेबांनी मौनीला विचारलं.

मौनीनं टेबलावरच्या वेळापत्रकाकडे बघितलं.

"त्या बाई उतरत होत्या हे दिसलं नाही?"

"आरशात दिसलं," मौनी म्हणाला. "वाटलं, उतरल्या."

"वाटलं म्हणजे? अर्ध्या सेकंदानं काय बिघडलं असतं?"

मौनीनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. चौकशीचा कारकून लिहीत होता: निष्काळजीपणा मान्य. तिला ते दोन शब्द उलटे वाचता आले. तिचे गुडघे दुखत होते. नोकरीची तेरा वर्षं शिल्लक होती.

"साहेब, मी बोलू का?"

"तुमचं काय काम आहे यात?"

"वेळापत्रक माझं आहे, साहेब. म्हणून."

साहेबांनी हातानंच बोला म्हटलं. ती वर जाऊन वह्या घेऊन आली. एका फेरीत आणता आल्या नाहीत म्हणून दोन फेऱ्या मारल्या. जिना चढताना तिला वाटलं, खाली येईपर्यंत हे लोक उठून गेलेले असतील. पण कुणी उठलं नव्हतं.

"ह्या चौदा वर्षांत मी नऊ नंबरमध्ये तीनशे चाळीस वेळा बसलेय," ती म्हणाली. "छत्तीस मिनिटांत एकदाही पोचले नाही. सगळ्यांत लवकर पोचले ते सदतीस, तेही अकरा वर्षांपूर्वी. आता बावन्न लागतात. यानं त्या बाईंच्या पायाची काळजी घ्यायला पाहिजे होती, चूक त्याची आहेच. पण आपण त्याला बावन्न मिनिटांचं काम छत्तीसमध्ये करायला सांगतो. उरलेली सोळा त्यानं कुठून आणायची? तो ती लोकांच्या पायातून आणतो."

साहेब चिडले होते हे त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून कळत होतं.

"तुम्ही खात्याच्या विरुद्ध बोलताय हे कळतंय ना तुम्हाला?"

"मी वहीतलं वाचतेय, साहेब. खोटं वाटत असेल तर चला माझ्याबरोबर. उद्या सकाळी साडेनऊची गाडी आहे."

साहेब जातील असं कुणालाच वाटलं नव्हतं. बहुधा रागापोटीच ते गेले. साडेनऊच्या गाडीत मिनिटताईनं त्यांना ड्रायव्हरच्या मागची जागा दिली आणि हातात पेन्सिल दिली. प्रत्येक स्टॉपवर साहेबांनी स्वतः वेळ लिहिली. बाजाराच्या पट्ट्यात गाडी पावलापावलानं सरकत होती, कारण फुटपाथच नव्हता, आणि चालणारी सगळी माणसं बसच्या पुढून चालत होती. शेवटच्या स्टॉपला पोचायला सत्तावन्न मिनिटं लागली. साहेबांनी खाली उतरून इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "इथे... सोय कुठे आहे?"

"सोय नाही, साहेब," ती म्हणाली. "ड्रायव्हर त्या भिंतीमागे जातात. वेळ असला तर."

साहेब भिंतीमागे जाऊन आले. परतीच्या वाटेवरही त्यांनी प्रत्येक स्टॉपची वेळ लिहिली. पंधरा दिवसांत मौनी कामावर रुजू झाला, शिक्षा म्हणून एक वेतनवाढ थांबली तेवढीच. महिन्याभरात नऊ नंबरचं वेळापत्रक बदललं: एका बाजूची बावन्न मिनिटं, वर दोन्ही टोकांना आठ-आठ मिनिटं विश्रांती. केंद्राकडच्या टोकाला एक संडास आणि पाण्याची टाकीही बांधली. मौनी वर खोलीत आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई." एवढंच. ती म्हणाली, "बरं, बरं, जा आता, गाडी लागलीय."

इथे गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं. पण वेळापत्रकात एका जागी मिनिटं घातली की दुसरीकडे कमी पडतात. नऊ नंबरवर गाड्या होत्या आठ. पूर्वी कागदावर, टोकांना चार-चार मिनिटं धरून, येऊन-जाऊन ऐंशी मिनिटं लागायची, म्हणजे दर दहा मिनिटांनी गाडी. आता येऊन-जाऊन एकशेवीस. आठच्या आठ गाड्या, आणि दर पंधरा मिनिटांनी एक. जास्तीच्या चार गाड्या मागितल्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत. स्टॉपवर गर्दी साठायला लागली, आणि हे कुणामुळे झालं ते कुठूनसं फुटलं.

सगळ्यांत लागलं ते घरातलं. तिच्या नणंदबाई शेजारच्याच गल्लीत राहायच्या आणि नऊ नंबरनं दवाखान्यात कामाला जायच्या, तिथल्या धुलाईखान्यात. एका संध्याकाळी त्या आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच बोलल्या.

"पंचवीस मिनिटं उभी होते आज. पहिली गाडी भरून गेली, थांबलीच नाही. ड्रायव्हरांना आठ मिनिटं आराम दिलास म्हणे. आमच्या पायांचं काय?"

"वन्सं, आधीही दर दहा मिनिटांनी येत नव्हतीच. कागदावर येत होती."

"कागदावर का होईना, येत होती ना."

नवऱ्यानं आतून पाणी आणून दिलं आणि बहिणीची समजूत काढली. चूक झाली असं मिनिटताईला वाटत नव्हतं. पण खरं सांगून लोकांचं भलं झालं असंही म्हणता येत नव्हतं, आणि ते तिला सलत होतं.

गाड्या वाढत नाहीत, तर मिनिटं कमी कशी करायची, याच्या ती मागे लागली. सगळे म्हणायचे, गर्दीमुळे उशीर होतो, उड्डाणपूल बांधा की झालं. तिनं म्हटलं, गर्दी नसताना बघू या. वर्षभर ती दर आठवड्याला पहाटे पाचच्या पहिल्या गाडीत बसली. त्या वेळी रस्त्यावर दूधवाले, वर्तमानपत्रवाले आणि झाडू मारणारे, बस्स. आणि तिच्या लक्षात एक अजब गोष्ट आली. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा चव्वेचाळीस मिनिटं लागत होती. म्हणजे वाढलेल्या सोळातली आठ गर्दीची नव्हतीच. ती उखडलेल्या रस्त्याची होती, जागोजागी टाकलेल्या गतिरोधकांची होती, कुठे कुठे तर शंभर पावलांवर एक असे वाढत गेलेल्या स्टॉपची होती. शहर दमलं होतं म्हणून हळू चालत नव्हतं. त्याला धड चालायला जागाच ठेवलेली नव्हती.

तिनं ते लिहून पाठवलं. उत्तर आलं: "पाहिले."

चार वर्षांनी विद्यापीठातून एक संशोधक बाई डेपोत आल्या. देशोदेशीच्या शहरांत वाहनं किती वेगानं चालतात आणि शहर वाढतं तसा तो वेग कसा बदलतो, असं त्यांचं काम होतं. अलीकडच्या वर्षांचे आकडे लोकांच्या फोनवरून मिळत होते, हवे तेवढे. पण शहर लहान होतं तेव्हा वेग काय होता, हे जवळपास कुठेच नोंदलेलं नव्हतं. साहेबांनी हसत जिन्याकडे बोट दाखवलं. "वर जा. तिथे एक बाई आहेत."

संशोधक बाईंनी कपाट उघडलं आणि खालीच बसकण मारली. दुपारपर्यंत त्या तिथेच जमिनीवर वह्या वाचत होत्या.

"हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. छत्तीस खरं वाटेना, म्हणून."

"ताई, अशी नोंद माझ्याकडे आणखी एकाच ठिकाणची आहे. दुसऱ्या देशातले एक गृहस्थ, तेही बसचं वेळापत्रकच करायचे. बोलाल त्यांच्याशी?"

बोलणं संगणकावर झालं, विद्यापीठातल्या एका छोट्या खोलीत. मिनिटताईनं केस नीट विंचरले होते आणि नऊ नंबरचा तक्ता गुंडाळून बरोबर नेला होता. पडद्यावर एक टक्कल पडलेले, लाल गालांचे म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्या मागेही भिंतीवर तिरप्या रेघांचा तक्ता होता. तो दिसल्याबरोबर ती हसली, आणि तेही हसले. मधे बसून संशोधक बाई इकडचं तिकडे सांगत होत्या.

त्यांच्या तक्त्यावरच्या रेघा वर्षागणिक उभ्या होत गेल्या होत्या. तीस वर्षांपूर्वी ताशी एकोणीस किलोमीटर, आता सत्तावीस. रुंद रस्ते, वळणरस्ते, पूल, सगळं झालं होतं. मिनिटताईला, खरं सांगायचं तर, हेवा वाटला.

"म्हणजे तुमच्याकडे लोक लवकर घरी पोचतात," ती म्हणाली.

म्हाताऱ्यांनी ते ऐकलं आणि मान हलवली. "नाही हो. मला कामावरून घरी जायला पन्नास मिनिटं लागायची. माझ्या मुलीलाही पन्नासच लागतात. रस्ता चांगला झाला म्हणून तिनं घर तीस किलोमीटर लांब घेतलं."

"आणि तुमच्या बस? त्या तर पळत असतील."

"पळतात ना," ते म्हणाले. "स्टॉपवर कुणी नसतं, मग पळतील नाही तर काय. आमची बस रिकामी धावते. तुमच्या बसमध्ये किती माणसं असतात?"

"सकाळच्याला? नव्वद."

संशोधक बाईंनी आकडा सांगितला तेव्हा त्यांनी तो पुन्हा विचारून घेतला. मग त्यांनी काहीतरी हळू आवाजात म्हटलं, आणि बाईंनी ते तसंच सांगितलं. "ते म्हणतात, नव्वद माणसांना एक मिनिट वाचवून देता आलं तर ते माझ्या आयुष्यभराच्या कामापेक्षा मोठं होईल."

परत येताना ती बसमध्ये आकडेमोड करत होती. इतकी वर्षं ती वेगाचा विचार करत होती, गाडीच्या वेगाचा. आता तिनं माणसांनी गुणायला सुरुवात केली. मिनिटं गुणिले माणसं. तसं मांडल्यावर नऊ नंबरच्या बारा किलोमीटरमधले तीनच किलोमीटर उठून दिसले. तो बाजाराचा पट्टा, जिथे सगळ्यांत जास्त माणसं आत आणि सगळ्यांत जास्त माणसं पुढून चालत. तिथे पूल बांधून उपयोग नव्हता, कारण पुलावरून जाणाऱ्याला बाजारात उतरता येत नाही.

संशोधक बाईंच्या नावावर अहवाल गेला, त्यामुळे या वेळी नुसतं "पाहिले" होऊन परत आला नाही. महापालिकेत बैठक झाली. रस्त्यांचे मुख्य अभियंता पुलाचं चित्रच घेऊन आले होते, रंगीत, खाली झाडं काढलेली.

"फुटपाथ केला तर रस्ता अजून अरुंद होईल," ते म्हणाले. "मग गाड्या जलद कशा जातील? साधा हिशेब आहे."

"सध्या रस्ता किती रुंद आहे?" मिनिटताईनं विचारलं.

"अकरा मीटर."

"त्यातले बससाठी मोकळे किती असतात? मी मोजलेत. सकाळी साडेनऊला पाच. उरलेल्या सहांत माणसं चालतात, कारण त्यांना दुसरी जागा नाही. तुम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर द्या, मला सात मोकळे मिळतील. पाचाचे सात झाले तर रस्ता रुंद झाला का अरुंद?"

अभियंत्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं आणि म्हणाले, "बघायला पाहिजे." ते खरंच बघायला गेले, आणि एकदा नाही, पाच सकाळी गेले. माणूस हट्टी होता पण अप्रामाणिक नव्हता. पूल रद्द झाला नाही, दुसरीकडे सरकला. बाजाराच्या पट्ट्याला मात्र दोन्ही बाजूंनी फुटपाथ मिळाला, रस्ता ओलांडायला दोन जागी पायी चालणाऱ्यांचे सिग्नल बसले, हातगाड्यांना उभं राहायला कोपऱ्यांवर खाचा करून दिल्या, सहा स्टॉप कमी करून उरलेले नीट जागी लावले. दुकानदारांच्या पायऱ्या तोडताना बरीच आरडाओरड झाली. एकानं तिला रस्त्यात गाठून विचारलं, की बाई, तुमच्या दोन मिनिटांसाठी माझं दुकान मारताय का? सहा महिन्यांनी तोच दुकानदार फुटपाथवर उभा राहून गिऱ्हाइकांशी गप्पा मारताना दिसायचा. आता लोक त्याच्या दुकानापुढून निवांत चालत होते, आणि निवांत चालणारा माणूस थांबून बघतो.

फुटपाथचं उद्घाटन झालं तेव्हा भाषणं चालू होती आणि मिनिटताई नऊ नंबरमध्ये होती, वही घेऊन. बावन्नच्या जागी चव्वेचाळीस. तिनं एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. दोन महिने मोजलं. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, त्रेचाळीस. मग तिनं वेळापत्रक नव्यानं काढलं. ड्रायव्हरांच्या आठ मिनिटांना हात लावला नाही. येऊन-जाऊन एकशेचार मिनिटं, गाड्या त्याच आठ, आणि पंधराच्या जागी दर तेरा मिनिटांनी एक. दोन मिनिटं. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला दहा हजार माणसं त्या गाडीनं जायची.

नणंदबाई आल्या आणि म्हणाल्या, "तेरा म्हणे. बारा नाही का करता आली?"

"प्रयत्न चालू आहे, वन्सं."

"हं. गाडीत बसायला जागा मिळाली आज," असं म्हणून त्या भावाच्या खोलीत दात बघायला गेल्या. त्यांच्या तोंडून याहून जास्त कधी कुणी ऐकलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी विद्यापीठाचा मोठा अहवाल छापून आला. कित्येक देशांतली शेकडो शहरं, प्रत्येक शहराची एक ओळ. तिच्या शहराच्या ओळीला लांब शेपूट होतं, कारण जुने आकडे फक्त तिच्याच शहराचे आणि त्या लाल गालांच्या गृहस्थांच्या शहराचे होते. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: आधार, बस डेपोतील कर्मचाऱ्याच्या नोंदी. नवऱ्यानं ते भिंगातून वाचलं आणि वाईट वाटून म्हणाला, "नाव नाही घातलं तुझं."

तिचं लक्ष नव्हतं. ती बोटानं ओळ धरून वाचत होती. नवव्या वर्षाचा आकडा ताशी सतरा पूर्णांक एक छापला होता. तिनं वही काढून पाहिली, परत भागाकार केला. सोळा पूर्णांक सात हवा होता. कुणीतरी उतरवताना त्रेचाळीसच्या जागी बेचाळीस वाचलं होतं.

तिनं संशोधक बाईंना पत्र लिहिलं, वहीच्या पानाची प्रत जोडली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यांनी माफी मागितली होती, आकडा सुधारला होता आणि त्यामुळे शेवटच्या प्रकरणातलं एक वाक्यही बदलावं लागलं असं कळवलं होतं. सोबत सुधारलेलं पान होतं. ते तिनं दोनदा तपासलं, अहवालात चिकटवलं आणि अहवाल नवऱ्याच्या भिंगाशेजारी ठेवून दिला.

मग ती चप्पल घालून निघाली. चौदा नंबरच्या ड्रायव्हरांची तक्रार आली होती, की कागदावर एकोणतीस मिनिटं आहेत आणि ती काही केल्या पुरत नाहीत.